रतनगड ते हरिश्चंद्रगड: मुक्कामांची आखणी

रतनगडाहून हरिश्चंद्रगडापर्यंत मुक्काम करत कसे जावे, असा आपला प्रश्न आहे. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ निवडून पहिली रात्र रतनगडावरील गुहेत, दुसरी कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत गावात आणि तिसरी पाचनईमार्गे १४२४ मीटर उंचीच्या हरिश्चंद्रगडावर काढावी. कात्राबाईच्या रानात ढोरवाटा फार फुटतात, त्यामुळे गावातला वाटाड्या घ्यावाच. हा परिसर अभयारण्यात असल्याने तंबू व मुक्कामाविषयीचे नियम वनविभागाकडून आधी समजून घ्यावेत. परवानगी असल्यास हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर, म्हणजे कोकणाच्या बाजूच्या उभ्या कड्यावर, तंबू कडेपासून बराच मागे ठोकावा व प्रत्येक खुंटीवर दगड रचावा, कारण दरीतून उसळणारा वारा सैल खुंट्या सहज उपटतो. गडांवरील खडकात खोदलेल्या टाक्यांतले पाणी उकळूनच प्यावे.