नवी 'प्रजाती' की नवी 'जाती'? ब्राझीलच्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या निमित्ताने

प्रश्न असा आलाय की ब्राझीलमधल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्यावरच्या मराठी बातमीत 'नव्या प्रजातीचा शोध' असं छापलं होतं, आणि मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मात्र 'जाती' असं आहे, तर बरोबर काय. शिवाय त्याच बातमीत पुढे 'शास्त्रज्ञांनी या कोळ्याचं वर्णन केलं' असं वाक्य होतं, नुसतं वर्णनच केलं असेल तर त्यात एवढं काय.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. मराठीत स्पीशीज म्हणजे जाती आणि जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, म्हणजे प्रजाती. विश्वकोशात बघा, एखाद्या झाडाच्या नोंदीत 'या प्रजातीत एकूण इतक्या जाती आहेत' अशी वाक्यं सापडतील, काही ठिकाणी प्रजातीऐवजी वंश म्हटलेलं असतं. बालभारतीची उतरंड पण तीच, सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. हिंदीत मात्र स्पीशीजला सर्रास प्रजाति म्हणतात आणि जीनसला वंश, त्यामुळे हिंदी बातमीवरून मराठी बातमी झाली की शब्द जसाच्या तसा येतो आणि मराठीत त्याचा अर्थ एक पायरी वर सरकतो. दुसरं कारण मला वाटतं ते असं की 'जात' म्हटलं की आपल्याकडे डोक्यात आधी समाजातली जात येते, लिहिणाऱ्याला ते नको असतं म्हणून तो प्रजाती लिहून मोकळा होतो. त्यामागची भावना मला पूर्ण समजते, पण मग जीनसला काय म्हणायचं हा प्रश्न तसाच राहतो.

आणि तो प्रश्न कोळ्यांच्या बाबतीत रोज पडतो. प्सेकस चापोडा नावाचा एक उड्या मारणारा कोळी आहे, ब्राझील, बोलिव्हिया आणि पॅराग्वेमधे मिळतो. त्याचं पूर्ण नाव लिहिताना प्सेकस चापोडा (पेकहॅम व पेकहॅम, १८९४) असं लिहितात. हे पेकहॅम म्हणजे अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीचे जॉर्ज आणि एलिझाबेथ पेकहॅम, नवराबायको, दोघांनी मिळून उड्या मारणाऱ्या कोळ्यांवर आयुष्यभर काम केलं. आता इथे कंस का, तर त्यांनी १८९४ मधे ही जाती वेगळ्या प्रजातीत टाकली होती, नंतर ती प्सेकसमधे आली. नाव देणाऱ्याचं नाव कंसात असेल तर समजायचं की जाती तीच आहे पण प्रजाती बदलली. आता हेच वाक्य दोन्हीला प्रजाती म्हणून लिहून बघा, 'प्रजाती तीच आहे पण प्रजाती बदलली', काही अर्थच लागत नाही. म्हणून मी या दोन शब्दांच्या बाबतीत हट्ट धरतो.

आपल्या घरातलंच उदाहरण हवं असेल तर भिंतीवर माशांच्या मागे फिरणारा राखाडी चपटा कोळी घ्या, मेनेमेरस बायव्हिटॅटस. हा आपल्याकडे शहरात गावात सगळीकडे दिसतो आणि तोच दक्षिण अमेरिकेतल्या घरांच्या भिंतींवरही दिसतो, माणसाबरोबर जगभर पसरलेली जाती आहे ही. लेऑं ड्यूफूर या फ्रेंच अभ्यासकाने १८३१ मधे त्याला नाव दिलं तेव्हा प्रजाती सॅल्टिकस होती, पुढे मेनेमेरस झाली. मधल्या काळात वेगवेगळ्या देशांतल्या लोकांना तो नवीन वाटला आणि त्यांनी त्याला नवनवी नावं दिली, नंतर लक्षात आलं की हे सगळे एकच आहेत. नरमादीत फरक असल्यामुळेही असा गोंधळ होतो, याच्या नराच्या पोटावर मधोमध गडद पट्टा असतो आणि मादीच्या दोन्ही कडांना, माहीत नसेल तर दोन वेगळ्या जाती वाटतील.

एकवचनाचं पण सांगतो, कारण तिथे लोक अडतात. शास्त्रीय लिखाणात तत्सम 'जाती' हेच एकवचन घेतात, 'ही जाती', 'या जातीचा नर', अनेकवचनही जातीच. बोलताना 'कोळ्याची नवी जात' म्हटलं तरी मला त्यात काही चुकीचं वाटत नाही. फक्त शेतीत आणि गुराढोरांत आपण जात शब्द खालच्या पायरीला वापरतो हे लक्षात ठेवायचं, हापूस आणि पायरी या आंब्याच्या जाती म्हणतो पण त्या दोन्ही एकाच जातीतले वाण आहेत, मँजिफेरा इंडिका. गीर गाईचं तसंच. संदर्भ विज्ञानाचा असेल तर तिथे वाण म्हणावं.

आता 'वर्णन केलं', माझ्या मते हा जास्त चांगला प्रश्न आहे. रोजच्या मराठीत वर्णन म्हणजे कसं दिसतं ते सांगणं, निबंधात पावसाळ्याचं करतो तसं. प्राणिशास्त्रात वर्णन ही एक ठरलेली कृती आहे. कोळी जंगलात शेकडो वर्षं राहत असेल, तिथल्या लोकांनी तो रोज पाहिला असेल, कोणीतरी पकडून म्युझियममधे बाटलीत ठेवलाही असेल, पण त्याला द्विनाम पद्धतीने, म्हणजे प्रजाती आणि जाती अशा दोन शब्दांचं, नाव देऊन, कुठल्या नमुन्यावरून नाव दिलं ते सांगून आणि तो इतरांपेक्षा वेगळा कसा ते लिहून प्रसिद्ध होईपर्यंत शास्त्राच्या वहीत ती जाती नसते. जमा केल्यापासून वर्णन छापून येईपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात असं २०१२ मधे एका अभ्यासात निघालं होतं, तो सगळ्याच सजीवांबद्दल होता. म्हणून 'शोध लावला' मला खटकतं. शोध लावला म्हटलं की कालच जंगलात कोणाला तरी दिसला असं वाटतं, खरं तर बऱ्याचदा तो कपाटातच असतो.

आणि हे वर्णन करतात कसं तेही बघण्यासारखं आहे. कोळी साधारण ७० ते ७५ टक्के अल्कोहोलमधे ठेवलेला असतो, त्यात त्याचे हिरवे लाल रंग बऱ्याच अंशी उडून जातात, त्यामुळे फोटोवरून जो देखणा दिसतो तो बाटलीत फिकट तपकिरी झालेला असतो. डोळे आठ, पुढचे मधले दोन मोठ्ठे, त्यावरून हा उड्या मारणाऱ्यांच्या कुलातला म्हणजे सॅल्टिसिडीमधला एवढं लगेच कळतं. पण या कुलात सहा हजारांवर जाती आहेत, मग पुढे काय बघायचं, तर नराचे पॅल्प. तोंडाच्या दोन्ही बाजूंना पायासारखे दिसणारे दोन छोटे अवयव असतात ते पॅल्प, पूर्ण वाढलेल्या नरात त्यांची टोकं बॉक्सिंगचे ग्लोव्ह घातल्यासारखी फुगीर होतात. नर रेशमाचं एक इवलंसं जाळं विणतो, त्यावर वीर्याचा थेंब सोडतो आणि तो पॅल्पमधे ओढून घेतो, मग मादीकडे जातो. त्या पॅल्पच्या टोकाला एम्बोलस नावाची बारीक नळी असते, ती आखूड आहे का लांब, सरळ आहे का गुंडाळलेली, शेजारी काटा आहे का, यावर जाती ठरते. मादीत पोटाखालचा एपिगायनम, म्हणजे जननेंद्रियाचा बाहेरचा कडक भाग, बघतात, तो अलगद कापून लवंगाच्या तेलात ठेवतात, तेलाने तो पारदर्शक होतो आणि आतल्या नळ्या मायक्रोस्कोपखाली दिसायला लागतात. मग दोन्हीची रेखाचित्रं, कवचाची लांबी रुंदी मिलिमीटरमधे, पायांवरचे काटे, सगळं लिहायचं. आणि एक नमुना निवडून त्यावर चिठ्ठी लावायची, तो होलोटाइप, पुढे कधी वाद झाला तर त्याच्याकडे जायचं.

या बाबतीत मला सगळ्यात आदर वाटतो तो अर्जेंटिनाच्या मारिया एलेना गालियानो यांच्याबद्दल. युजीन सिमोन या फ्रेंच अभ्यासकाने अमेरिका खंडातल्या कितीतरी जातींना नावं दिली होती पण वर्णनं त्या काळच्या पद्धतीने अगदी त्रोटक, वाचून कोळी ओळखता येणं कठीण. गालियानोंनी सिमोनचे मूळ नमुने काढून एकेक परत तपासला, चित्रं काढली आणि १९६३ मधे ती पुनर्वर्णनं प्रसिद्ध केली. नवं नाव एकही नसतं तरी हे काम तेवढंच मोठं होतं, दक्षिण अमेरिकेतला कोळी हातात घेऊन हा कोण हे सांगणं त्यामुळे शक्य झालं. 'पुनर्वर्णन' हा शब्द पण यासाठी मराठीत छान बसतो.

वर्णनाच्या आत एक छोटा परिच्छेद असतो ज्यात ही जाती जवळच्या जातींपासून कशाने वेगळी तेवढंच लिहितात, इंग्रजीत त्याला डायग्नोसिस म्हणतात. त्याचं 'निदान' असं भाषांतर मी वाचलंय, कृपा करून ते नको, कोळी आजारी नाहीये. आपल्याकडे तर्कशास्त्रातून आलेला 'व्यवच्छेदक लक्षण' हा नेमका शब्द तयार आहे, शाळेत भूमितीच्या व्याख्या शिकवताना मास्तर वापरायचे तो, तोच घ्यावा.

नाव आणि वर्णन पक्कं असलं की पुढचं काम किती भक्कम होतं ते वरच्या चापोडावरूनच कळतं. हा कोळी अननसाच्या कुळातल्या ब्रोमेलिया बालान्से या काटेरी झुडपावर राहतो, मादी मधल्या पानांवर अंडी घालून त्यावर रेशमाचं पांघरूण घालते, झुडपाला फुलोरा आला की मात्र कोळी तिथे राहायचं टाळतात. त्याची विष्ठा पानांच्या बुंध्याशी पडते आणि झाड ती वापरतं. ब्राझीलच्या गुस्ताव्हो रोमेरो आणि सहकाऱ्यांनी नायट्रोजनचा जड समस्थानिक, म्हणजे कुठून कुठे गेला याचा माग काढता येतो असा जरा जड नायट्रोजन, वापरून प्रयोग केला, २००६ मधे छापून आला, त्यात झाडाच्या नायट्रोजनपैकी साधारण १८ टक्के कोळ्याकडून आलेला निघाला. हे सगळं 'एक कोळी' म्हणून सांगितलं तर कोणालाच परत तपासता येणार नाही, जाती नक्की म्हणून तपासता येतं.

तर तुमच्या बातमीचं वाक्य मी असं लिहीन: 'ब्राझीलमधल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीचं प्रथमच शास्त्रीय वर्णन'. मथळ्यात जागा कमी असेल तर 'नव्या जातीची नोंद'. प्रजातीच खरोखर नवी असेल, म्हणजे जीनस, तर तसं स्पष्ट लिहावं कारण ती जास्त मोठी बातमी आहे. मादीला कोळीण लिहू नका, तो शब्द मासेवाल्या बाईसाठी रूढ आहे, 'कोळ्याची मादी' म्हणा. आणि लॅटिन नावं देवनागरीत लिहिताना जोडाक्षरं बिनधास्त लिहा, इंग्रजीत प्सेकसमधला प गिळतात, आपल्या लिपीत तो नीट लिहिता येतो तर गाळायचं कारण नाही.