अंतर कशात मोजलंस?

सांगली

अनेक आशीर्वाद.

तासगावच्या द्राक्षबागायतदारांपुढं जागतिकीकरणाचा भूगोल मांडायचाय आणि पडद्यावरच्या नकाशात किती बाण काढावेत ते ठरत नाही, असं लिहिलंयस. एकही काढू नकोस. बाण दिशा दाखवतो, अंतर दाखवत नाही. आणि अंतर कशात मोजलंय हे सांगितल्याशिवाय पुढं जायचं नाही. माझं सांगणं एवढंच, पण ते पुन्हा पुन्हा सांगणार.

मर्केटरच्या पद्धतीचा नकाशा असेल तर तो आधी उतरव. १५६९ साली तो जहाजं हाकायला झाला. त्यात दिशा सांभाळली जाते, क्षेत्रफळ बिघडतं. ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट. अशा नकाशावर दोरा लावून अंतर निघत नाही.

३० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घे. त्यावर १ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. दोरा सुती घे. लोकर ताणली जाते आणि दर वेळी वेगळं माप येतं. पहिला दोरा मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरातून एडनचं आखात, लाल समुद्र, सुएझ कालवा, जिब्राल्टर, नेदरलँड्सचं रॉटरडॅम बंदर. प्रत्येक वळणाला चिकटपट्टीचा बारीक तुकडा हवा, नाहीतर दोरा घसरून अरबस्तानच्या वाळवंटातून जातो. हा २७-२८ सेंटिमीटर भरेल. दुसरा आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून: ४७ च्या आसपास. दोन्ही सोडवून शेजारी शेजारी लोंबू दे. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि पुढच्या हंगामात युरोपला जाणारा माल या लांब दोऱ्यानं गेला. तासगाव ते न्हावाशेवा? एक सेंटिमीटरही नाही.

पण सेंटिमीटरवर थांबलास तर परत तीच चूक. बागायतदाराला अंतर दिवसांत हवं. लांबचा रस्ता म्हणजे दहा-पंधरा दिवस जास्त. तेवढे दिवस थंड कंटेनरचं भाडं वाढतं, पेटीतल्या ग्रेपगार्डचा, म्हणजे द्राक्षं टिकवणाऱ्या गंधकाच्या कागदाचा, जोर ओसरतो, हिरवा देठ तपकिरी पडायला लागतो. हे बोललास की सुएझ कुठं आहे ते लोक स्वतःहून विचारतील.

सांगलीत तर हे शिकवायचीही गरज नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० फूट पाणी म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. किती फुटाला आपल्या गल्लीत पाणी शिरतं हे नदीकाठच्या पोरासोरांनाही पाठ. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं. मग बातमीत कृष्णेवरच्याच, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची ५१९.६० मीटर ही पातळी येते आणि सगळा गोंधळ. पुलाचे फूट तिथल्या पट्टीच्या शून्यापासून, धरणाचे मीटर समुद्रसपाटीपासून. शून्यंच वेगळी! फळ्यावर दोन उभ्या पट्ट्या काढून हे दाखवायला पाच मिनिटं लागतात. धरणाचं पाणी मागं फुगून सांगलीत पूर येतो का, यावरून तावातावानं भांडणाऱ्यांना ते कुणी दाखवत नाही याची मला चीड येते, आणि ती आपल्याच विषयाच्या माणसांची येते. बाण काढण्यात माझीही वर्षं गेली. म्हणूनच आता हेकट म्हणवून घ्यायला माझी हरकत नाही.

तू म्हणतोस, लोक कंटाळतील. अरे, दोऱ्याची टोकं त्यांच्यातल्याच दोघांच्या हातात दे आणि मोजपट्टी तिसऱ्याकडं. आकडा त्यांना वाचू दे, तू मध्ये बोलू नकोस. आणि शाळेच्या कपाटातला छोटा गोल चालवून घेऊ म्हणशील, तर नको. १५ सेंटिमीटरच्या गोलावर सुएझपाशी चिकटपट्टीला जागाच उरत नाही.