अण्णांचे २० लाख

प्रश्न : ताई, आम्ही तिघे मित्र सांगलीत इंजिनिअरिंगला एकत्र होतो. बेदाण्याच्या शेडमधलं तापमान आणि दमटपणा मोजून शेतकऱ्याच्या मोबाइलवर इशारा देणारं यंत्र आम्ही बनवलंय. गेल्या हंगामात १४ शेडमध्ये बसवलं, ९ जणांनी पैसे दिले. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढताना तिघांचे शेअर सारखे ठेवले. एक मित्र आता पुण्यात नोकरीला लागलाय. वडिलांचे जुने स्नेही, बेदाण्याचे अडते अण्णा, २० लाख द्यायला तयार आहेत. पण ४० टक्के हिस्सा मागतात आणि निम्मे पैसे रोख देतो म्हणतात. मामांनी ३ लाख हातउसने म्हणून कंपनीच्या खात्यात भरलेत. घरचे म्हणतात, अण्णांना दुखवू नका. काय करू?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : ९ शेतकऱ्यांनी खिशातून पैसे काढले, ही तुमच्या पत्रातली सगळ्यांत मोठी गोष्ट आहे. अण्णांशी बोलताना सुरुवात तिथूनच करा.

आता हिस्सा. ४० टक्के गेले की उरलेले ६० तिघांत वाटले जातात. म्हणजे हंगामात रात्री-अपरात्री शेडवर धावणारे तुम्ही दोघं मिळून ४०, अण्णा ४०, पुण्याचा मित्र २०. पुढे कुणी २० टक्क्यांसाठी पैसे घातले की तुम्ही दोघं ३२ वर येता, तेही कंपनी नुकती उभी राहत असताना. मी स्वतः नव्या कंपन्यांत लहान रकमा गुंतवते. असा तक्ता दिसला की मी पुढे जात नाही, कारण राबणाऱ्यांना राबत राहावंसं वाटेल इतकं त्यात उरत नाही. अण्णांच्या मनात खोट आहे असं मी म्हणत नाही. ते पेढीतल्या भागीदारीचा हिशेब लावतायत. तिथे नफा दरवर्षी वाटला जातो आणि हिस्सा पुन्हा पुन्हा विकावा लागत नाही. तुम्हाला तो विकावा लागेल. त्यामुळे १५ टक्क्यांच्या वर जाऊ नका. किंमतीवर एकमत होत नसेल तर पुढे साध्या (इक्विटी) शेअरमध्ये रूपांतर होणारे प्रेफरन्स शेअर द्या. रूपांतराचा भाव पुढच्या गुंतवणुकीच्या वेळी ठरेल, अण्णांना त्यात सवलत आणि भावाची कमाल मर्यादा आजच लिहून द्या.

त्याआधी पुण्याच्या मित्राला भेटा. संस्थापकांचे शेअर साधारण चार वर्षांत हळूहळू पक्के होतात आणि पहिलं वर्ष भरण्याआधी सोडलं तर काहीच मिळत नाही, अशी रीत आहे. तुमच्याकडे तसा करार दिसत नाही. त्याने काम केलं तेवढ्या काळाचे शेअर ठेवावेत, बाकीचे तुम्हा दोघांच्या नावावर करावेत, असं मोकळेपणाने मागा. अण्णांचे पैसे आल्यावर त्याच शेअरची कागदावरची किंमत चढेल आणि हे बोलणं अवघड होईल.

रक्कमही तपासा. मोबाइल ॲपवाल्याला चूक आठवड्यात सुधारता येते. बेदाणा मात्र फेब्रुवारी ते एप्रिलच्या आसपास वाळतो, मग पुढची संधी थेट पुढच्या वर्षी. म्हणून खर्च महिन्यांत न मोजता हंगामांत मोजा. दोन हंगाम निघतील एवढे पैसे हवेत. ते १२ लाखांत होत असेल तर २० घेऊ नका.

मला खरी काळजी वेगळीच आहे. कुणाच्या शेडला अवकाळीचा फटका बसला, कुणाचा माल काळा पडणार, हे तुमच्या यंत्राला सौद्याच्या आधी कळतं. अण्णा अडते आहेत. ही माहिती त्यांच्या पेढीवर पोहोचते अशी नुसती कुणकुण लागली तरी शेतकरी यंत्र काढून ठेवेल, आणि त्याचं बरोबरच असेल. शेतकऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय एकाही शेडची नोंद कुणाही भागधारकाला दिसणार नाही, हे करारात घाला. अण्णांना हे मान्य नसेल तर त्यांचे पैसे १० टक्क्यांनाही घेऊ नका. घरच्यांनाही हे कारण पटेल, कारण द्राक्षबागायतदाराच्या घरात सौद्याचा भाव म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

रोख एक रुपयाही नको. कंपनी कायद्याच्या कलम ४२ नुसार शेअरचे पैसे बँकेतूनच यावे लागतात. शेअरच्या किमतीसाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्या, शेअरवाटपानंतर १५ दिवसांत पीएएस-३ (शेअरवाटपाची माहिती सरकारला कळवण्याचा फॉर्म) भरा, आणि तो भरेपर्यंत त्या पैशांना हात लावू नका. एंजल टॅक्सची, म्हणजे रास्त किमतीपेक्षा चढ्या भावाने शेअर विकल्यावर कंपनीला लागणाऱ्या कराची, भीती कुणी घातली तर सोडून द्या. तो २०२४ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला.

राहिले मामांचे ३ लाख. कंपनी कायद्यातल्या नातेवाइकांच्या यादीत आई-वडील, भावंडं, मुलं, सुना, जावई येतात. मामा येत नाहीत. त्यामुळे त्यांचं हातउसनं ठेव धरलं जाऊ शकतं, आणि तशा ठेवी घ्यायला बंधनं आहेत. रक्कम त्यांना बँकेतून परत करा. त्यांना मदतच करायची असेल तर रीतसर शेअर घेऊ द्या. नाहीतर तुम्हाला भेट म्हणून देऊ द्या. आयकर कायद्यात मामा नातेवाईक आहेत, त्यामुळे त्या भेटीवर कर लागत नाही. मग ते पैसे तुमचे म्हणून तुम्ही कंपनीत घाला. हे कागद एखाद्या कंपनी सेक्रेटरीकडून अण्णांच्या बैठकीआधीच करून घ्या.