नव्या फाइलचा साचा नेमका कुठे बिघडतो?

प्रश्न : मी अंधेरीतील एका कंपनीत प्रोग्रॅमर असून आठवड्यातील दोन दिवस मुलुंडच्या घरून काम करतो. प्रत्येक नव्या शेल स्क्रिप्टची (संगणकाच्या 'शेल'ला द्यायच्या आज्ञांच्या फाइलची) सुरुवात सारखी व्हावी, म्हणून मी 'इंटेलिजे आयडिया' या प्रोग्रॅम लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचा टेंप्लेट, म्हणजे साचा, तयार केला. परंतु नवी फाइल उघडताना 'होम' नावाची चौकट पुढे येऊन काहीतरी भरायला सांगते, दोन हॅश (##) देऊन लिहिलेल्या शीर्षकाच्या ओळी फाइलमध्ये उतरतच नाहीत, आणि फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या 'गिट'वरून सगळा प्रकल्प घेऊनही घरच्या लॅपटॉपवर हा टेंप्लेट दिसत नाही. माझे काय चुकते आहे?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपली चूक फार मोठी नाही. टेंप्लेटच्या खिडकीत आपण जे लिहिता ते जसेच्या तसे फाइलमध्ये उतरत असेल, असा समज होणे स्वाभाविक आहे. ती खिडकी पाहून दुसरे काही वाटतही नाही. प्रत्यक्षात तो मजकूर आधी 'अपाची व्हेलॉसिटी' या साचेभाषेच्या हाताखालून जातो. गिरगावातील छापखान्यात लग्नपत्रिकेचा मजकूर ठरलेला असतो आणि वधूवरांची नावे व मुहूर्त तेवढे बदलतात, तसेच इथे आहे; फक्त मोकळी जागा कोणती, हे व्हेलॉसिटी डॉलरच्या चिन्हावरून ओळखते. डॉलरपुढे महिरपी कंसात 'नेम' लिहिले की फाइलचे नाव येते, 'डेट' लिहिले की तारीख येते. मात्र आपल्या स्क्रिप्टमध्ये डॉलर-होम आहे तो शेलसाठी. व्हेलॉसिटीला ती आपलीच मोकळी जागा वाटते, तिची किंमत कुठे सापडत नाही, म्हणून आयडिया ती आपल्याला विचारते. दोन हॅशचेही तेच: व्हेलॉसिटीत त्या खुणेपासून ओळ संपेपर्यंतचा मजकूर ही टिप्पणी समजली जाते आणि तयार फाइलमधून गाळली जाते. एक हॅश आणि त्यापुढे मोकळी जागा सोडून लिहिलेली साधी टिप्पणी मात्र टिकते, त्यामुळेच हा दोष लवकर लक्षात येत नाही.

उपाय दोन आहेत. एखाद-दुसरे डॉलरचे चिन्ह असेल, तर त्याच्या जागी डॉलर व महिरपी कंसात 'डीएस' लिहावे. तयार फाइलमध्ये तिथे नुसते डॉलरचे चिन्ह येते. अशी चिन्हे बरीच असतील, तर त्या संपूर्ण भागाच्या आधी एक हॅश व दोन उघडणारे चौकोनी कंस आणि शेवटी दोन मिटणारे चौकोनी कंस व एक हॅश द्यावा. या कुंपणातील मजकुराला व्हेलॉसिटी हात लावत नाही, त्यामुळे आपले दोन हॅशचे शीर्षकही तिथे सुखरूप राहते. ज्या ओळीत नाव किंवा तारीख आपोआप यायला हवी, ती मात्र कुंपणाबाहेर ठेवावी.

आता घरच्या लॅपटॉपविषयी. सेटिंग्जमध्ये 'एडिटर'खाली 'फाइल अँड कोड टेंप्लेट्स' हे पान उघडल्यावर वरच्या बाजूला 'स्कीम' नावाची एक लहानशी यादी दिसते. माझ्या मते या पानावरील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच, आणि सहसा नजर जात नाही तीही तिच्यावरच. तिथे 'डीफॉल्ट' निवडलेले असेल, तर टेंप्लेट त्या संगणकावरील आपल्या वैयक्तिक सेटिंग्जमध्ये जाऊन बसतो; तो तिथल्या सर्व प्रकल्पांना लागू होतो, पण गिटबरोबर प्रवास करत नाही. 'प्रोजेक्ट' निवडून टेंप्लेट साठवला, तर तो प्रकल्पातील 'डॉट आयडिया' फोल्डरमध्ये, 'फाइलटेंप्लेट्स' या उपफोल्डरात राहतो.

एवढे करूनही तो घरी पोहोचला नाही, तर प्रकल्पाची 'गिटइग्नोअर' फाइल, म्हणजे गिटने काय वगळावे याची यादी, पाहावी, कारण बऱ्याच ठिकाणी 'डॉट आयडिया' हे अख्खे फोल्डरच तिथे वगळलेले असते. फोल्डरच वगळले असेल, तर आतील एक उपफोल्डर पुन्हा आत घेण्याची ओळ गिट मानत नाही. म्हणून 'डॉट आयडिया' आणि तिरक्या रेघेपुढे तारांकन देऊन केवळ आतील गोष्टी वगळाव्यात, आणि त्याखालच्या ओळीत उद्गारचिन्ह देऊन 'फाइलटेंप्लेट्स'चा पूर्ण मार्ग लिहावा. त्यानंतर ऑफिसातून ते उपफोल्डर कमिट व पुश करावे (गिटमध्ये नोंदवून पाठवावे) आणि घरी पुल करून (उतरवून घेऊन) तपासताना स्कीमच्या यादीत 'प्रोजेक्ट' निवडलेले आहे ना, हे आधी पाहावे. आधीच तयार झालेल्या स्क्रिप्ट या बदलाने सुधारणार नाहीत. त्यांची शीर्षके हातानेच घालावी लागतील.