रॉकेट उडायच्या काही सेकंद आधीच इंजिन का पेटवतात? तेवढं इंधन वाया जात नाही का?

जातं की. पण "वाया" वाचलं आणि आमचे तात्या आठवले, म्हणून लिहायला बसलो.

गाव कवठे एकंद, तासगावजवळ. दसऱ्याला सिद्धराजाच्या पालखीपुढची आतषबाजी ज्यांनी बघितली आहे त्यांना जास्त सांगायला नको. तात्या म्हणजे माझे चुलते, औट, म्हणजे शोभेच्या दारूची आतषबाजी, ठासण्यात हयात गेलेली. 28 मार्च 2001 ला दुपारी बेदाण्याच्या शेडवर टीव्ही लावला होता. श्रीहरिकोट्याहून इस्रोचं पहिलं जीएसएलव्ही रॉकेट उडणार होतं. मी तेव्हा डिप्लोमाला, त्यामुळं बेदाणा निवडणाऱ्या बायकांना सगळं मीच समजावत होतो, तेही जरा मोठ्या आवाजात. मोजणी संपत आली, बुडाशी जाळ झाला, धूर झाला, आणि रॉकेट जागचं हललंच नाही. उड्डाणाला एक सेकंद उरला असताना संगणकानं सगळं थांबवलं होतं.

तात्या म्हणाले, "पेटीवलं आन् इझीवलं? लेका, आमचा औट बी कधी असला फुसका निघाला न्हाई."

अख्खी शेड हसली. पुढं कितीतरी दसरे मला हेच ऐकावं लागलं.

तर त्या रॉकेटमध्ये मधोमध घन इंधनाचा मोठा टप्पा आणि भोवती द्रव इंधनाची चार इंजिनं. घन टप्पा म्हणजे तात्यांचा औटच, एकदा बत्ती लागली की ब्रह्मदेवाच्या बापाला विझत नाही. द्रव इंजिनाचे पंप टर्बाइनवर फिरतात, त्यांना वेग धरायला, दाब चढायला वेळ लागतो, पण ते बंद करता येतं. म्हणून ती चार 4.8 सेकंद आधी पेटवतात, पुरेसा जोर आला का ते संगणक बघतो, आणि मगच मधल्याला बत्ती. रॉकेट सुमारे 400 टनांचं, चौघांचा मिळून जोर त्याहून कमी, त्यामुळं तोवर ते स्वतःच्या वजनानंच बसून राहतं. त्या दिवशी चारातल्या एकानं जोर धरला नाही. मधला पेटला असता, तर तीन पायांच्या बाजेवर झोपल्यासारखं झालं असतं, तात्या! विझवलं म्हणून वाचलं. तेच रॉकेट 18 एप्रिलला उडालं.

अमेरिकेच्या स्पेस शटलचीही तीन मुख्य इंजिनं 6.6 सेकंद आधी पेटायची, बाजूचे घन इंधनाचे बूस्टर, म्हणजे जोर देणारी जोड-रॉकेटं, मोजणी शून्यावर आल्यावर. कारण तेच.

आणि इंधनाचं म्हणाल, तर हा खर्च आधीच हिशेबात धरून टाकी भरलेली असते. चार-पाच सेकंदांसाठी रडणाऱ्यानं नदीवरची मोटर चालू केल्या केल्या शेतात पाणी का पडत नाही, ते आधी सांगावं.

हां, सगळ्याच रॉकेटांना हे लागू नाही. इस्रोच्याच पीएसएलव्ही रॉकेटचा पहिला टप्पा घन, तो शून्यालाच पेटतो. इस्रोच्याच एलव्हीएम-3 रॉकेटला तर दोन मोठे घन बूस्टर वर नेतात आणि मधली द्रव इंजिनं हवेतच पेटतात.

आणखी एक. 18 एप्रिलला रॉकेट उडालं खरं, पण वरचा टप्पा थोडा कमी पडला आणि उपग्रह ठरलेल्या कक्षेत पोचला नाही. हे तात्यांना मी अजून सांगितलेलं नाही.