सफर आणि शर्यत दोन्हीला चालणारी फायबरग्लासची शिडाची बोट कशी घडते? जुन्या जाड बोटी जास्त मजबूत असतात का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: चार दिवस राहून फिरता येईल आणि शर्यतीतही उतरवता येईल अशी एकच बोट कशी आखतात व बनवतात, आणि जुन्या जाड कवचाच्या बोटी आजच्या पातळ बोटींपेक्षा मजबूत असतात हे खरं का. मी बोटींच्या कारखान्यात आधी हाताने लॅमिनेशन (काचेच्या धाग्यांचे थर रेझिन या घट्ट होणाऱ्या चिकट द्रवाने एकावर एक बसवणं) केलं आणि नंतर त्या कामावर देखरेख केली, त्यामुळे साच्याजवळ उभं राहून जे दिसतं ते सांगतो. माझ्या मते दोन्ही प्रश्नांचा गाभा एकच आहे: वजन किती, आणि ते कुठे आहे.

आधी आखणी. पाणी कापत जाणाऱ्या बोटीचा वेग मुख्यतः पाणरेषेच्या, म्हणजे पाण्याच्या पातळीवर मोजलेल्या बोटीच्या, लांबीवर ठरतो. ढोबळ हिशेब असा की पाणरेषेची फुटांतली लांबी घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. येतात ते नॉट, म्हणजे तासाला सागरी मैल. ३० फुटांच्या पाणरेषेला साधारण ७.३ नॉट. याच्या पुढे जायचं तर बोट इतकी हलकी हवी, की ती स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढून घसरू शकेल. शर्यतवाल्याला तेच हवं असतं. सफरवाला मात्र पाणी, डिझेल, नांगर आणि साखळी चढवतो. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो. ८ मिलिमीटरची साखळी मीटरला सुमारे दीड किलो, म्हणजे ६० मीटरची ९० किलो, आणि तीही नाळेत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकात, जिथे वजन सगळ्यात जास्त जाचतं. ९ मीटर पाणरेषेची मध्यम रुंदीची बोट साधारण दर १७० किलोमागे एक सेंटिमीटर खाली बसते. चांगला आरेखक हे सामान धरूनच पाणरेषा काढतो. जो रिकाम्या बोटीवर आकडे मांडतो, त्याची बोट कागदावरच वेगवान राहते.

शिडाखाली बोट ताठ राहते ती कीलच्या, म्हणजे तळाखाली बसवलेल्या जड पात्याच्या, जोरावर. सफर-शर्यतीच्या बोटीत एकूण वजनाचा ३५ ते ४५ टक्के हिस्सा कीलमध्ये असणं नेहमीचं. शिसं बिडापेक्षा दीडपट जड, म्हणून तेवढंच वजन लहान आकारात आणि जास्त खाली बसवता येतं. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची: डोलकाठीच्या टोकाशी १२ मीटर उंचीवर वाढलेला एक किलो भरून काढायला दीड मीटर खोल कीलमध्ये ढोबळमानाने आठ किलो घालावे लागतात. वर चढवलेला रडार आणि जाड तारा यांची किंमत अशी मोजावी लागते.

या वाटेवरची मला सगळ्यात आवडणारी बोट म्हणजे आरेखक बिल लॅपवर्थ यांची कॅल ४०. कॅलिफोर्नियात जेन्सेन मरीनने ती १९६३ पासून बनवली. तेव्हाच्या बहुतेक बोटींना नाळेपासून मागपर्यंत लांब कील असे आणि सुकाणू तिलाच जोडलेलं असे. लॅपवर्थनी माशाच्या परासारखी आखूड फिन कील ठेवली, सुकाणू वेगळं काढून अगदी मागे नेलं, आणि वजन सुमारे ६,८०० किलोवर आणलं. त्यातलं ४० टक्के कीलमध्ये. १९६५ ची ट्रान्सपॅक (कॅलिफोर्निया ते हवाई) आणि १९६६ ची बर्म्युडा या दोन्ही लांब समुद्री शर्यती कॅल ४० ने जिंकल्या, आणि त्याच बोटींतून कुटुंबं लांबच्या सफरीही करत होती.

आता कारखाना. आधी पूर्ण मापाचा नमुना, ज्याला प्लग म्हणतात. पूर्वी लाकडात, आता बहुधा संगणकावर चालणाऱ्या मशीनवर कापलेला. प्लगवरून साचा निघतो. साच्याचा खर्च मोठा, म्हणून एकाच साच्यातून जितक्या बोटी निघतील तितकं बरं. रॉड जॉन्स्टननी कनेटिकटमधल्या आपल्या गॅरेजमध्ये बांधलेल्या बोटीवरून जे/२४ ही छोटी शर्यतीची बोट आली. १९७७ पासून तिच्या ५,००० हून जास्त बोटी बनल्या आणि त्या एकसारख्या म्हणून एकमेकींशी शर्यतीत उतरतात. साच्याचं हे मोठं देणं आहे.

साच्याला मेण लावतात, मग सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत रंगीत थर), त्यावर पातळ मॅट (काचेच्या आखूड धाग्यांची चादर), आणि मग एकेक थर. इथे जे होतं त्यावर आरेखकाचे सगळे आकडे टिकतात किंवा कोसळतात. ताकद काचेच्या धाग्यात असते. रेझिनचं काम धाग्यांना जागच्या जागी धरून ठेवण्याचं. हाताने लावलेल्या मॅटमध्ये वजनाने ३० टक्क्यांच्या आसपास काच बसते, विणलेल्या रोव्हिंगमध्ये (काचेच्या जाड धाग्यांच्या कापडात) ४५ ते ५०, आणि व्हॅक्यूमने रेझिन ओढून घेणाऱ्या इन्फ्युजनमध्ये ६० च्या वर. म्हणजे १०० किलो काचेला मॅटमध्ये जवळजवळ २३० किलो रेझिन जातं आणि इन्फ्युजनमध्ये ५५ ते ६५. उरलेले दीडशेहून जास्त किलो नुसतं ओझं. रोलर नीट न फिरवणारा, थर ओले दिसावेत म्हणून बादली ओतणारा कामगार बोट जड करतो, आणि मजबूत करत नाही.

पण रेझिन कमी झालं की कवच पातळ होतं, आणि पातळ कवच लाटेवर लवचिकपणे आत-बाहेर होतं. म्हणून दोन थरांच्या मध्ये बाल्सा हे हलकं लाकूड किंवा पीव्हीसी फोम घालतात. तेवढीच काच, पण एकूण जाडी दुप्पट केली तर ताठरपणा सुमारे सातपट होतो आणि वजन फारसं वाढत नाही. अट एकच: कीलचे बोल्ट, डेकवरचे विंच (दोर ओढायचे रहाट), तळातले व्हॉल्व्ह जिथे येतात तिथे हा गाभा काढून सलग काच भरलीच पाहिजे. भोकातून पाणी शिरलं तर बाल्सा कुजतो आणि वरचा थर मोकळा पडतो.

त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर ‘जाडीवरून सांगता येत नाही’ असं आहे. जुनं कवच जाड असतं कारण त्यात मॅट आणि रेझिन भरपूर आहे. आपटण्याला ते चांगलं तोंड देतं, हे मी मान्य करतो. मात्र अशा कित्येक बोटींच्या डेकमध्ये बाल्सा आहे, आणि दुखणं तिथूनच सुरू होतं. जाड तळ पाहून बोट घेणारे अनेकदा डेक ठोकूनही पाहत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. लहान हातोडीने इंचाइंचावर ठोका. खणखणीत आवाज बदलून बद्द झाला की तिथे थर सुटलाय किंवा पाणी आहे.

नवी बोट बनवून घेत असाल तर आणखी दोन ठिकाणी लक्ष ठेवा. पार्टिशनं, म्हणजे बल्कहेड, बोट साच्यात असतानाच बसवलेली असावीत. ती बसवण्याआधीच बोट साच्यातून काढली तर कवच थोडं पसरतं आणि मग काहीच नीट जुळत नाही. आणि डेक व कवचाचा सांधा चिकटवून शिवाय बोल्टनेही आवळलेला असावा, नुसत्या स्क्रूवर नको. बांधणाऱ्याला विचारा की याच साच्यातून निघालेल्या मागच्या काही बोटी क्रेनवर वजन करून पाहिल्या होत्या का, आणि आकड्यांत किती फरक आला. हिशेब ठेवणारा कारखाना वही लगेच पुढे करतो.