आधी बोर्डाची पाठ बघा

प्रश्न : नुकताच बँकेतून निवृत्त झालो. हॉलमध्ये ५५ इंची फोर-के टीव्ही आहे आणि २०१० साली घेतलेला ५.१चा रिसीव्हर व स्पीकर अजून ठणठणीत आहेत. मुलाने दोन हार्ड डिस्क भरून सिनेमे, नाटकं आणि घरातल्या लग्नांचे व्हिडिओ दिलेत. टीव्हीखालच्या सागवानी शोकेसमध्ये नऊ इंच उंचीचा कप्पा रिकामा आहे, तिथे एक संगणक कायमचा बसवायचा आहे. दुकानदाराचं कोटेशन असं : आय५-१२४००एफ, एच६१० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबीची एक रॅम, जीटी ७३० ग्राफिक्स कार्ड, ५०० वॉटचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा), रंगीत पंख्यांचं कॅबिनेट. मदरबोर्ड कोणत्या कंपनीचा घ्यावा?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : कंपनीचं नंतर बघू. हे कोटेशन गेम खेळणाऱ्या पोराचं आहे, तेही अर्धवट. दुकानदार लबाड असेल असं नाही. त्याच्याकडे रोज येणारं गिऱ्हाईकच तसं, त्यामुळे हाताला सवय झालेली असते. मिरजेत पंचवीस वर्षं दुकान चालवतेय, माझ्याकडूनही असं झालंय.

प्रोसेसरच्या नावाशेवटचा तो ‘एफ’ बघा. ‘एफ’ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. म्हणून मग वेगळं कार्ड जोडावं लागलं, आणि ते कोणतं, तर जीटी ७३०. या कार्डाचं एचडीएमआय, म्हणजे टीव्हीला चित्र आणि आवाज नेणारं पोर्ट, जुन्या १.४ जातीचं आहे, त्यातून फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच जातं. शिवाय हल्लीचे बहुतेक फोर-के सिनेमे एचईव्हीसी पद्धतीने दाबलेले असतात आणि ते उलगडण्याची सोय या कार्डात नाही. म्हणजे सगळी हमाली प्रोसेसरने करायची, तो तापणार, पंखा किंचाळणार. त्यापेक्षा साधा आय३-१२१०० घ्या, ‘एफ’ नसलेला. चार कोरचा आहे, पण त्याच्या पोटातलं ग्राफिक्स १० बिटांचं एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१ हे व्हिडिओ दाबण्याचे तिन्ही प्रकार स्वतःच उलगडतं. कार्ड रद्द, त्याचे पैसे वाचले.

आता बोर्ड. २०१८ साली मी स्वतःच्या घरी असाच संगणक बसवला. खोक्यावर ठसठशीत ‘फोर-के’ छापलेलं बघून स्वस्तातला बोर्ड उचलला. सिनेमा लागला, सुरेख दिसला. रविवारी मॅच लावली तर चेंडू सीमारेषेकडे उड्या मारत जातोय! माउसचा बाणसुद्धा गुळात पाय अडकल्यासारखा. भावाने टीव्हीला दोष दिला, मी केबल बदलली. शेवटी रात्री बोर्डाचं मॅन्युअल उघडलं, त्यात बारीक अक्षरांत ‘४०९६×२१६० @ ३० हर्ट्झ’, म्हणजे फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणून तो निभावला होता. मॅच ५० फ्रेमची होती, ती मावेना. डिस्प्लेपोर्ट नावाच्या दुसऱ्या चित्र-पोर्टावरून ॲडॉप्टर लावून वाट काढता आली असती, पण त्या बोर्डावर एचडीएमआयशेजारी फक्त जुन्या पद्धतीचं निळं व्हीजीए पोर्ट होतं. बोर्ड बदलावा लागला, आणि दुकानदार मीच असल्यामुळे भांडायलाही कुणी नव्हतं.

तेव्हापासून मी बोर्डाची पाठ, म्हणजे वायरी जोडायची बाजू, आधी बघते. तुम्हीही दुकानात मॉडेल नंबर विचारा, फोनवर मॅन्युअल उघडा आणि एचडीएमआयच्या ओळीत ‘६० हर्ट्झ’ शोधा. चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप) एकच असला तरी प्रत्येक बोर्डाच्या पाठीवर तीच पोर्टं असतील असं नाही. तुम्हाला एच६१० पुरेसा आहे. अट एवढीच, की फोर-के ६० हर्ट्झचं एचडीएमआय हवं आणि शेजारी डिस्प्लेपोर्टही हवं. कंपनी जिचं सर्व्हिस सेंटर रत्नागिरीहून तुम्हाला सोयीचं, ती.

डिस्प्लेपोर्ट कशाला? तुमच्या रिसीव्हरसाठी, म्हणजे स्पीकर वाजवणाऱ्या त्या पेटीसाठी. २०१०चा रिसीव्हर फोर-के पुढे पाठवणार नाही. संगणक – रिसीव्हर – टीव्ही अशी साखळी केलीत, तर नव्या टीव्हीवर जुनं फुल एचडी चित्र बघत बसाल. म्हणून एचडीएमआय सरळ टीव्हीला लावा आणि डिस्प्लेपोर्टमधून साध्या ॲडॉप्टरने दुसरी वायर रिसीव्हरला न्या, फक्त आवाजासाठी. रिसीव्हरवर डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी या सिनेमाच्या उंची आवाजाच्या प्रकारांची चिन्हं असतील, तर तो ध्वनी जसाच्या तसा त्याच्याकडे पाठवता येतो. ऑप्टिकल वायरीने साधा डॉल्बी किंवा डीटीएस ५.१ जातो, ट्रूएचडी नाही. यात एक गंमत होते. विंडोजला वाटतं, रिसीव्हर हा दुसरा मॉनिटर आहे. मग माउसचा बाण त्या न दिसणाऱ्या पडद्यात शिरतो आणि घरात शोधाशोध सुरू होते. डिस्प्ले सेटिंगमध्ये तो भुताचा पडदा खऱ्या पडद्याच्या कोपऱ्याला तिरका, टोकाला टोक लावून ठेवा. बाण सहसा तिकडे भटकत नाही.

टीव्हीच्या मेनूतही जाऊन या. संगणकाची वायर ज्या पोर्टात आहे, त्याला पूर्ण वेगाचा सिग्नल घेण्याची परवानगी वेगळी द्यावी लागते. कुठे त्याला ‘एन्हान्स्ड’ म्हणतात, कुठे ‘डीप कलर’. ती बंद असेल तर चांगला बोर्डही फुकट.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर. आमच्या मिरजेत सतारी-तंबोरे बनवणाऱ्यांची गल्ली आहे. तिथल्या एका कारागिरांना मी जुनी रेकॉर्डिंग ऐकण्यासाठी संगणक दिला होता. आठवड्यात परत आले. म्हणाले, “ताई, संगणक चांगलाय, पण तुमचा पंखा बेसूर आहे. तंबोरा जुळवायला बसलो की तो मध्ये आपला सूर धरतो.” मला ऐकूच येत नव्हता. त्यांच्यासोबत दुकान बंद करून बसले, तेव्हा कुठे एसएमपीएसमधला ४० मिलिमीटरचा पंखा सापडला. छोटा पंखा तेवढीच हवा ढकलायला फार जोरात फिरतो आणि शिट्टीसारखा वाजतो. मोठा पंखा सावकाश फिरूनही काम भागवतो. म्हणून कॅबिनेट असं निवडा ज्यात १२० मिलिमीटरचा एक पंखा बसेल, आणि बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन त्याचा वेग खाली आणा. तुमचा अख्खा संगणक सिनेमा दाखवताना १०० वॉटसुद्धा खाणार नाही, तेव्हा ५०० वॉटचा स्वस्त एसएमपीएस नको, ३०० वॉटचा चांगल्यातला घ्या. फक्त छोट्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएसचा आकार वेगळा लागतो, तो जुळवून घ्या. रंगीत दिवे तर नकोतच. अंधारात सिनेमा बघताना शोकेसमध्ये गणपतीची आरास कशाला?

नऊ इंचांच्या कप्प्यात काय मावतं ते मोजा. मिनी-आयटीएक्स बोर्ड १७ सेंटिमीटर चौरस असतो, मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४.४. पहिला थोडा महाग, पण तुमच्या कप्प्यासाठी तोच. प्रोसेसरवरचा कूलर बुटका लागेल. त्याची उंची कॅबिनेटच्या मर्यादेत बसते का, हे पैसे देण्याआधी विचारा. आणि सुताराला बोलावून शोकेसच्या मागच्या प्लायला हातभर रुंद खिडकी कापून घ्या. सागवानाला हात लावायची गरज नाही. काचेचं दार लावून मागून हवा बंद केलीत, तर संगणक पापडासारखा भाजेल. तुमच्याकडे खारी हवा, म्हणून आठवड्यातून एकदा तरी तो चालू राहू द्या. बंद पडून राहिलेल्या यंत्राला दमट हवा लवकर खाते.

रॅम ८ जीबी पुरे, पण एकच न घेता ४-४च्या दोन घ्या, पोटातलं ग्राफिक्स त्याच रॅमवर जगतं. विंडोजसाठी २५० जीबीची एसएसडी. सिनेमांच्या हार्ड डिस्क आहेत त्याच वापरा; फोर-के ब्ल्यू-रे डिस्कचा प्रवाहसुद्धा सेकंदाला १६-१८ मेगाबाइटच्या वर जात नाही, त्याला हार्ड डिस्क सहज पुरते. जमलं तर त्या घरच्या नेटवर्कला जोडून दुसऱ्या खोलीत ठेवा, त्यांची कुरकुरही टळेल.

सिनेमे दाखवायला कोडी हा प्लेअर टाका, फुकट आहे. त्यात पडद्याचा रिफ्रेश रेट व्हिडिओप्रमाणे बदलण्याची सोय आहे, ती चालू करा. सिनेमा २४चा, तुमचे लग्नाचे व्हिडिओ बहुधा २५ फ्रेमचे, आणि टीव्ही सतत ६०वर अडकलेला असेल, तर नवरी मांडवात अडखळत चालते.

ओटीटीसाठी मात्र या संगणकाच्या नादी लागू नका. नेटफ्लिक्सचं फोर-के विंडोजवर हवं, तर एज ब्राउझर लागतो, आणि संगणकाला जोडलेल्या प्रत्येक पडद्याला आणि रिसीव्हरला एचडीसीपी २.२ हे चोरी रोखणारं कुलूप समजलं पाहिजे. तुमचा रिसीव्हर त्यात पहिला नापास. टीव्हीतलं ॲप वापरा.

प्रश्न : दहा मीटर एचडीएमआय केबलसाठी विक्रेता सोन्याचा मुलामा असलेली महागडी केबल गळ्यात मारतोय. घेऊ का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सोनं अंगावर घाला. मुलाम्याने चित्र सुधारत नाही, तो फक्त गंज रोखतो. दोन-तीन मीटरपर्यंत १८ गिगाबिटची प्रमाणित साधी केबल चालते. दहा मीटरवर फोर-के ६० हर्ट्झ तांब्याच्या साध्या केबलमधून भरवशाने जात नाही, तिथे आत ऑप्टिकल फायबर असलेली केबल घ्या. तिला दिशा असते : एका टोकावर ‘सोर्स’ लिहिलेलं असतं, ते संगणकाकडे; दुसरं टोक टीव्हीकडे. भिंतीत गाडण्याआधी एकदा जोडून बघा. आमच्या एका गिऱ्हाइकाने उलटी गाडली होती.